जुना ब्रिटिश बंब: नाव एक, कारागीर चार

लाल रंग, पितळी घंटा, वर शिडी. जुन्या ब्रिटिश आगीच्या बंबाचा फोटो कुणी पाठवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीचा?" मग कुणीतरी रेडिएटरवरचं नाव वाचून "डेनिस" असं सांगतं आणि विषय मिटतो. खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा. ब्रिटनमध्ये अख्खा बंब एकाच कारखान्यात तयार झाला असेलच असं नाही. बरेचदा चासी (चाकांवरचा खालचा सांगाडा) आणि इंजिन एकाचं, वरची बॉडी दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा आणि शिडी चौथ्याची, असा सगळा मामला. रेडिएटरवर नाव झळकतं ते बहुधा फक्त चासीवाल्याचं. त्यात पुन्हा बंब म्हणजे वीस-तीस वर्षं राबलेलं यंत्र: टायर बदललेले, समोरची काच मागाहून बसवलेली, रंगावर रंग चढलेले.

म्हणून बंब ओळखायचा तर तो तुकड्यातुकड्यांनी वाचायचा. माणसं कुठे बसायची, पाणी कशाने ओढलं जायचं, शिडी कसली आहे, दारावर कुणाचं नाव आहे. प्रत्येक तुकडा आपापला काळ सांगतो. सगळे काळ जुळले तर बंब बऱ्यापैकी मूळ अवस्थेत आहे असं समजावं. जुळले नाहीत, तर मधे काय घडलं ते शोधायचं, आणि माझ्या मते या छंदातली खरी गोडी तिथेच आहे.

हात, घोडे आणि वाफ

मोटार येण्याआधीचे बंब ओळखणं तुलनेने सोपं. सगळ्यात जुना प्रकार हातपंपाचा. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने १७२१ आणि १७२५ साली त्याची पेटंटं घेतली, आणि त्या घडणीचे बंब आजही इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये आणि संग्रहालयांत दिसतात. लांबट लाकडी पेटी, खाली लहान चाकं, दोन्ही अंगांना लांब दांडे. दोन बाजूंच्या माणसांनी आळीपाळीने दांडे दाबायचे की आतले दोन दट्टे वरखाली होतात. न्यूशॅमची खास खूण म्हणजे पेटीवर लांबीच्या दिशेने बसवलेल्या पायपट्ट्या. काही माणसं त्यांच्यावर उभी राहून अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकत आणि दांडे दाबणाऱ्यांना हातभार लावत.

पुढे व्हिक्टोरियाच्या काळात हेच हातपंप मोठे झाले, त्यांना घोडे जुंपले गेले आणि दांड्यांवर वीस-तीस माणसं लागू लागली. ही माणसं रस्त्यावरच गोळा व्हायची. त्यांना तासावर पैसे मिळत आणि वर बिअर. बिअर संपली की पंपही मंदावतो, हा अनुभव ब्रिगेडवाल्यांना, म्हणजे अग्निशमन दलांना, चांगलाच होता.

या बंबांवर कधी कधी विमा कंपनीचं नाव दिसतं. लंडनमध्ये विमा कंपन्यांनी आपापली आग विझवणारी पथकं १८३३ साली एकत्र केली, त्यामुळे "विमा कंपनीचं नाव म्हणजे १८३३ च्या आधीचा बंब" असा ठोकताळा सांगितला जातो. लंडनपुरता तो ठीक आहे. इतर शहरांत मात्र विम्याची पथकं त्यानंतरही बरीच वर्षं टिकली, तेव्हा तिथे तो लावू नये.

दुसरा प्रकार वाफेचा. इथे एक गैरसमज आधी दूर करू. वाफेचा बंब म्हणजे वाफेवर धावणारा बंब नव्हे. वाफ फक्त पंप चालवायची. गाडी घोडेच ओढायचे. १८९९ साली लंडनच्या मेरीवेदर कंपनीने 'फायर किंग' नावाचा स्वतः धावणारा वाफेचा बंब काढला, पण तो अपवाद. गाडीच्या मागच्या भागात उभा, पितळेने मढवलेला गोल बॉयलर, मधून वर गेलेलं धुराडं, खाली जाळ: आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब दहा पट मोठा करून चाकांवर चढवला तर जे दिसेल ते हे. हत्तीएवढ्या बॉयलरला वाफ धरायला वेळ लागेल असं वाटतं, पण आत पाणी थोडं आणि नळ्या पुष्कळ, त्यामुळे दहाएक मिनिटांत पंप सुरू व्हायचा. ठाण्यावर उभा असतानाही पाणी कोमट राहावं म्हणून बॉयलरखाली गॅसची बारीक ज्योत तेवत ठेवायची पद्धत होती. गाडी सुटली की धावत्या गाडीतच जाळ पेटवायचा.

पहिला वाफेचा बंब ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी लंडनमध्ये १८२९ साली बांधला. लंडनच्या पथकाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांना तो काही पटला नाही, आणि गाडी तीस वर्षं मागे पडली. मग १८५८ साली शँड मेसनने आपला वाफेचा बंब आणला, १८६१ साली मेरीवेदरने, आणि पुढची पन्नास वर्षं या दोन लंडनच्या कंपन्यांची चुरस चालली. १८६३ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानात वाफेच्या बंबांच्या पाणी मारण्याच्या जाहीर स्पर्धा झाल्या. मोठ्या गटात मेरीवेदरचा 'सदरलंड' पहिला आला.

दोघांचे बंब लांबून सारखेच दिसतात. फरक बघायचा तो बॉयलरच्या पुढे. वाफेचे सिलिंडर आणि पंप उभे, एकावर एक असतील तर शँड मेसनची शक्यता जास्त. लंडन ब्रिगेडला ते पुरवत त्या नमुन्याच्या नावातच 'उभा' हा शब्द होता. सिलिंडर आडवे, गाडीच्या लांबीला धरून असतील तर मेरीवेदर, बहुधा 'ग्रीनिच' किंवा 'जेम' मालिकेतला. नियम शंभर टक्के पाळला जातो असं नाही, पण पहिला अंदाज बांधायला पुरेसा आहे. बाकी नक्षी, पितळ, सोनेरी रेघा यांवर जाऊ नका; त्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर अवलंबून.

मोटार आली: साखळी, टायर आणि रेडिएटर

१९०४ साली लंडनच्या उत्तरेकडच्या फिंचली गावाने मेरीवेदरकडून पेट्रोलवर चालणारा बंब घेतला. एकच इंजिन गाडीही चालवतं आणि पंपही, ही कल्पना तिथून रुजली. तो बंब आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

त्यानंतर चार वर्षांनी डेनिस मैदानात उतरले. जॉन आणि रेमंड हे डेनिस बंधू गिल्डफर्डचे. १८९५ च्या सुमारास सायकलींपासून सुरुवात केलेले. १९०८ साली त्यांनी पहिला बंब ब्रॅडफर्डला दिला, आणि पुढच्या अर्धशतकात ब्रिटिश बंब म्हटलं की डोळ्यांपुढे डेनिसच यावा इतकं नाव कमावलं. लँकेशरच्या लेलँडने जवळपास त्याच सुमारास सुरुवात केली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक डब्लिन. ग्लासगोचे अल्बियन, लंडनचे एइसी, मँचेस्टरचे बेल्साइझ अशी आणखीही नावं भेटतात.

१९२५ च्या आधीचा बंब समोर असेल तर तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, मागच्या चाकांकडे जाणारी साखळी. सुरुवातीच्या मेरीवेदरना दोन्ही बाजूंना सायकलसारख्या जाड साखळ्या असत. डेनिसने १९०४ पासूनच वर्म-गिअरचा (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारा) मागचा ॲक्सल वापरला, त्यामुळे डेनिसच्या बंबाला बाहेर साखळी दिसत नाही. साखळी दिसली की डेनिस बाद. दुसरी, टायर. भरीव रबराचे टायर १९२० च्या दशकात मागे पडले आणि हवेचे आले. मात्र टायर हा सगळ्यात फसवा पुरावा. हवेच्या टायरवर गाडी वेगात आणि कमी खडखडाटात जाते, म्हणून कितीतरी ब्रिगेडनी जुन्याच बंबांची चाकं बदलून घेतली. हवेच्या टायरचा १९१४ चा बंब दिसला तर दचकू नये. उलट भरीव टायरचा १९३० चा बंब दिसला तर जरूर दचकावं. तिसरी गोष्ट रेडिएटर. डेनिसच्या रेडिएटरचा वरचा भाग पितळी, त्यावर कंपनीचं नाव ठळक. चाकांच्या बुंध्यावरच्या टोप्यांवरही तेच नाव. रेडिएटर बदललेला असू शकतो, म्हणून टोप्या वाचायची सवय लावून घ्यावी.

पंप ऐका

बंबाचा आत्मा पंप, आणि फोटोत सगळ्यात दुर्लक्षित राहतो तोही पंपच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून दोन तट पडले होते. मेरीवेदर दट्ट्याच्या पंपाचे कट्टर समर्थक. त्यांचा 'हॅटफिल्ड' पंप तीन सिलिंडरचा होता. दट्ट्याचा पंप नळीतली हवा स्वतःच ओढून काढतो. विहिरीत किंवा नदीत नळी सोडली की काही फेऱ्यांत पाणी वर येतं. डेनिसने ब्रॅडफर्डच्या पहिल्याच बंबाला ग्विनचा टर्बाइन पंप लावला. आत गरगर फिरणारं पातं पाण्याला बाहेर भिरकावतं, धार अखंड येते, धक्के बसत नाहीत, आणि पुढे नोझलवाल्याने झटकन धार बंद केली तरी नळी फुटत नाही. पण या पंपाला हवा ओढता येत नाही. कोरडा पंप कितीही फिरवा, पाणी वर चढणार नाही. म्हणून त्याच्याजवळ हवा काढून टाकणारं एक छोटं यंत्र बसवावं लागतं. पंपाच्या बाजूला असा वेगळा छोटा पंप, त्याचा दांडा किंवा धुराच्या नळीला जोडलेला फाटा दिसला, की मोठा पंप फिरत्या पात्याचा आहे हे ओळखावं.

शेवटी फिरतं पातं जिंकलं. त्यामुळे हॅटफिल्ड पंप दिसला तर बंब बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा आणि मेरीवेदरचा हात लागलेला. लेलँडवर ग्विन किंवा रीस रोटर्बोचा पंप भेटतो. पंपावर ओतीव अक्षरांत नाव आणि मिनिटाला किती गॅलन याचा आकडा असतो. तो ब्रिटिश गॅलन, म्हणजे साडेचार लिटर.

पंपाची जागाही बोलते. जुन्या डेनिसवर तो मागे, पितळी तोंडं बाहेर काढून बसलेला. युद्धानंतर बरेचसे मधे किंवा मागे. आणि पंप अगदी समोर, जिथे रेडिएटर असायला हवा तिथे दिसला तर लेलँडचा 'फायरमास्टर' असण्याची शक्यता मोठी. १९५८ साली आलेल्या या बंबाचं इंजिन बससारखं पोटाखाली होतं, म्हणून समोरची जागा पंपाला मोकळी मिळाली. कल्पना हुशारीची, पण तो फारसा खपला नाही, मोजकेच बनले. आज एखादा दिसला तर फोटो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माणसं कुठे बसायची

फोटो अगदीच धूसर असेल आणि एकच गोष्ट बघता येणार असेल तर मी ही बघेन. घोड्यांच्या काळात फायरमन नळ्यांच्या पेटीवर पाठीला पाठ लावून, तोंडं रस्त्याकडे करून बसत. मोटार आली तरी बसणं तसंच राहिलं. गाडीच्या दोन्ही अंगांना लांबलचक बाक, खाली पाय ठेवायला फळी, धरायला पितळी दांडी, आणि वर आभाळ. या बांधणीला ब्रेडवुड बॉडी म्हणतात, त्याच जेम्स ब्रेडवुड यांच्या नावाने. एडिंबरातून लंडनला आलेले ब्रेडवुड १८६१ साली टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून गेले. त्यांच्या नावाची बॉडी त्यानंतर पाऊणशे वर्षं धावत राहिली.

ब्रेडवुड बॉडीचा फायदा उघड होता: गाडी थांबण्याआधीच माणसं खाली उतरलेली असत. तोटाही तितकाच उघड. इंग्लंडचा पाऊस, थंडीतली रात्र, घामाने भिजलेले कपडे, आणि वळणावर दांडी सुटली तर माणूस थेट रस्त्यावर. अशा पडण्याने माणसं दगावलीही. १९३० च्या दशकात मग बदल आला. आधी 'न्यू वर्ल्ड' बॉडी: बाक तसेच लांबीला धरून, पण गाडीच्या आत, माणसं समोरासमोर बसलेली. नंतर 'लिमोझिन' बॉडी: छप्पर, दारं, काचा, सगळं बंदिस्त. ढोबळमानाने, उघडी आणि पाठीला पाठ म्हणजे १९३० च्या मध्यापर्यंत. आत तोंडं केलेली म्हणजे १९३० चं दशक. पूर्ण बंद म्हणजे १९३० च्या उत्तरार्धापासून पुढे. लहान गावांच्या परिषदा काटकसरी; त्यांनी उघडे बंब मागवणं लवकर सोडलं नाही. तेव्हा साल काढताना पाच-सात वर्षांची ढील ठेवावी.

याच दशकातला डेनिस 'एस' (म्हणजे एक्का) ओळखायला सोपा. पुढचा ॲक्सल मागे सरकवलेला, त्यामुळे बॉनेट चाकांच्या पुढे नाकासारखं आलेलं. याच चासीच्या बसला लोक 'उडतं डुक्कर' म्हणत. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती.

शिडी: चाकांची आणि फिरती

बंबाच्या मागे माणसाच्या खांद्यापर्यंत येतील एवढी मोठी, आऱ्यांची चाकं लटकलेली दिसली तर ती बंबाची नव्हेत, शिडीची. या शिडीला 'एस्केप' म्हणतात. साधारण ५० फूट उंचीची ही लाकडी शिडी बंबावर उलटी टेकलेली असे. आगीच्या जागी पोचल्यावर चार-पाच जण ती मागून सरकवून उतरवत, तिच्याच चाकांवर ढकलत भिंतीपाशी नेत आणि चक्रं फिरवून वाढवत. शिडी भिंतीला लागली की बंब मोकळा, दुसरीकडे पाणी मारायला जायला. म्हणून अशा बंबाला 'पंप एस्केप' म्हणत. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालली, त्यामुळे चाकांच्या लाकडी शिडीवरून बंब फार जुना आहे असा निष्कर्ष काढू नये. १९६० च्या दशकातल्या चकचकीत बंद बंबावरही ती दिसते, आणि धोतरावर कोट घातल्यासारखं वाटलं तरी ते मूळचंच असतं.

शिड्या करणारी नावं वेगळी: लंडनचे बेली, मेरीवेदर, आणि सॅलफर्डचे जॉन मॉरिस. या शेवटच्या नावाशी आपला एक धागा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात निझामाच्या रेल्वेचा १९१४ सालचा बंब आहे. निझामाची ही रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जायची, म्हणजे मराठवाड्याच्या ओळखीची. बंबाला सगळे जॉन मॉरिस म्हणून ओळखतात, पण खाली चासी आहे मँचेस्टरच्या बेल्साइझची. भरीव टायर, उघडी बॉडी, सगळं शाबूत. दिल्लीच्या व्हिंटेज मोटारींच्या रॅलीत तो धावलाही आहे. दिल्लीला गेलात तर वरच्या सगळ्या खुणा त्याच्यावर पडताळून बघता येतील.

फिरती शिडी हा वेगळा विषय. चासीवर गोल तबकडी, तिच्यावर सरकत वाढणारी शिडी, सहसा १०० फूट. ही कला जर्मनांची: उल्मचे मागिरूस आणि कार्ल्सरूहचे मेट्झ. ब्रिटिश ब्रिगेड त्यांच्या शिड्या आणून लेलँड किंवा डेनिसच्या चासीवर चढवत. 'लेलँड-मेट्झ' असं जोडनाव दिसलं की पहिलं चासीचं, दुसरं शिडीचं. महायुद्धाने जर्मनीचा दरवाजा बंद झाला आणि मेरीवेदरची पोलादी शिडी पुढे आली. युद्धानंतर मेरीवेदरने एइसीच्या चासीवर पंप आणि शिड्या चढवून 'मार्क्विस' विकले. त्यांवर मेरीवेदरचं नाव इतकं ठळक की खाली एइसी आहे हे सांगावं लागतं.

करडा रंग

१९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये सोळाशेहून जास्त अग्निशमन दलं होती. प्रत्येक गावाचं वेगळं, प्रत्येकाच्या नळ्यांची जोडणी वेगळी. १९४० च्या बॉम्बवर्षावात शेजारच्या गावाचा बंब मदतीला धावून यायचा आणि त्याची नळी इथल्या नळाला लागायचीच नाही. १८ ऑगस्ट १९४१ ला सगळी दलं मोडून एकच राष्ट्रीय अग्निशमन सेवा केली गेली. बंब करडे झाले.

युद्धकाळातले बंब ओळखायला रंगापेक्षा भरवशाच्या खुणा आहेत. कोपरे चौकोनी, पितळ जवळजवळ नाही, सगळं झटपट आणि स्वस्तात बनवलेलं. ऑस्टिनची के-२ ही बंद पेटीसारखी गाडी मागे पंपाची ढकलगाडी ओढायची. ऑस्टिन के-४ आणि फोर्डसन ७-व्ही यांवर मोठे पंप किंवा शिड्या असत. अंधारबंदीमुळे दिव्यांवर झाकणं, चिखलपट्ट्यांच्या कडेला पांढरे पट्टे. या गाड्या सरकारने लंडनमध्ये नोंदवल्या, म्हणून त्यांच्या पाट्यांवर 'जीएक्सएच', 'जीएक्सएम' अशी लंडनची अक्षरं भेटतात, गाडी राबली कॉर्नवॉलमध्ये असली तरी. १ एप्रिल १९४८ ला सेवा परगण्यांच्या आणि मोठ्या शहरांच्या परिषदांकडे गेली आणि करड्यावर लाल चढला. आज संग्राहक तोच लाल खरवडून पुन्हा करडा करतात.

ढकलगाडीवरच्या पंपांत कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं नाव फार दिसतं. या कंपनीने १९५० च्या सुमारास दोन माणसांना उचलता येईल इतका हलका पंप बनवला, आणि त्याचं इंजिन इतकं हलकं आणि तेज निघालं की लोटस मोटारवाल्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती शर्यतीच्या गाड्यांत घातली. आग विझवायला जन्मलेल्या इंजिनाने फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यती गाजवल्या.

युद्धानंतर, आणि हिरवी गाडी

१९४६ नंतरचा डेनिस म्हणजे 'एफ' मालिका. १९४९ चा एफ-७ आणि त्याचाच आखूड भाऊ एफ-१२, दोघांतही रोल्स-रॉईसचं बी-८० इंजिन, एका रांगेत आठ सिलिंडर. अरुंद गल्ल्यांसाठीच्या एफ-८ मध्ये सहा सिलिंडरचं बी-६०. हेच इंजिन लष्कराच्या चिलखती गाड्यांतही होतं. विकणारे "रोल्स-रॉईस बंब" म्हणून भाव चढवतात. इंजिन खरोखर तिथलंच, पण त्यावरून गाडी रोल्स-रॉईसची होत नाही. शंका आली तर मालकाला चालू करायला सांगा: आठ सिलिंडरची ती मऊ, सलग घरघर एकदा ऐकली की विसरत नाही.

याच काळात बेडफर्ड, कॉमर यांच्या साध्या ट्रकच्या चासीवर बॉडी बांधणाऱ्यांचे दिवस आले: साउदॅम्प्टनजवळच्या टॉटनचे एचसीबी, वुस्टरचे कारमायकेल, चेल्टनमचे माइल्स. बॉडीवाल्याची छोटी पाटी दाराच्या चौकटीत किंवा पायरीपाशी असते, आणि बेडफर्डवर ती वाचल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आणि 'ग्रीन गॉडेस'. गडद हिरवी, बेडफर्डची, उंच. लोक हिला लष्कराची गाडी समजतात, कारण १९७७ आणि २००२ च्या फायरमनच्या संपात ती सैनिकांनी चालवली. प्रत्यक्षात ती गृहखात्याने सहायक अग्निशमन सेवेसाठी १९५३ ते १९५६ मध्ये बनवून घेतली, अणुहल्ला झाला तर जळत्या शहरांना पाणी पोचवायला. हल्ला झाला नाही, सेवा १९६८ मध्ये गुंडाळली गेली, गाड्या गोदामात पडून राहिल्या. म्हणून इतक्या जुन्या गाडीचं मीटर काही हजार मैलांवर अडकलेलं दिसतं आणि तेही खरं असतं. दोन प्रकार आहेत: चारही चाकांना जोर असलेली आणि फक्त मागच्या चाकांची. पुढचं चाक आणि बंपर यांत भरपूर मोकळी जागा, गाडी टाचा उंचावल्यासारखी उभी असेल तर पहिली.

दार आणि पाटी

दारावरचं नाव आणि बोधचिन्ह हा सालाचा उत्तम पुरावा. एखाद्या लहानशा गावाच्या परिषदेचं नाव म्हणजे १९४१ च्या आधीचं. मिडलसेक्सचं नाव म्हणजे १९६५ च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलला ते दल लंडनमध्ये विलीन झालं. कारखाना, दारूची भट्टी किंवा जमीनदाराची हवेली यांचं नाव असेल तर खुश व्हा; खाजगी बंब कमी वापरले गेले आणि त्यामुळे जास्त मूळ अवस्थेत राहिले.

घंटा आणि सायरनवर फार विसंबू नये. पितळी घंटेची जागा दोन सुरांच्या भोंग्याने १९६० च्या दशकात घेतली, पण जुन्या गाड्यांवर भोंगे चढले आणि संग्राहकांनी नव्या गाड्यांवर घंटा चढवल्या. घंटा खोलून नेणं सोपं, विकणं त्याहून सोपं.

नोंदणीची पाटी वाचायची रीत अशी. १९०४ पासून एक किंवा दोन अक्षरं आणि पुढे आकडे. अक्षरं कुठल्या परगण्याची ते सांगतात. १९३२ पासून तीन अक्षरं आणि आकडे. १९५३ पासून काही ठिकाणी आकडे आधी, अक्षरं नंतर. १९६३ पासून शेवटी सालाचं एक अक्षर. या हिशेबाने दोन अक्षरी पाटी म्हणजे बंब जुना. पण ब्रिटनमध्ये छोट्या, सुटसुटीत नंबरांना सोन्याचा भाव आहे. कितीतरी जुन्या बंबांचे मूळ नंबर विकून टाकले गेले आणि त्यांना काळाला शोभेलसा दुसरा नंबर मिळाला. पाटी जुन्या धाटणीची, पण त्या बंबाने ती कधी आगीपर्यंत नेलेलीच नाही.

अशा वेळी शेवटचा आधार चासी नंबर. तो इंजिनाजवळच्या पितळी पाटीवर असतो आणि चासीच्या पोलादावर ठोकलेलाही असतो. दोन्ही जुळतात का ते बघावं, कारण पाटी सुटी मिळते, पोलाद नाही. डेनिसच्या नोंदी वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये जपल्या आहेत, लेलँडच्या लेलँड गावातल्याच व्यापारी वाहनांच्या संग्रहालयात. नंबर कळला, तर बंब कुठल्या ब्रिगेडला आणि कधी गेला हे त्या वह्यांतून शोधता येतं.